फेरागामोला बूट सुचायचे कसे

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय तो जरा जड वाटतो, लक्झरी बूट डिझायनरच्या कामामागच्या सर्जनशील प्रेरणा वगैरे, पण मला बोलायचंय ते एकाच माणसाबद्दल आणि एकाच मुद्द्याबद्दल. माणूस म्हणजे साल्वातोरे फेरागामो, इटलीतला बूट डिझायनर. नाव तुम्ही मोठ्या मॉलमध्ये वाचलं असेल, काचेतली किंमत बघून पुढे गेला असाल. आणि मुद्दा असा की चांगल्या डिझायनरला जे सुचतं ते बहुतेक वेळा काहीतरी अडलं म्हणून सुचतं. माल मिळत नाही, पाय दुखतोय, पैसे संपलेत, गिऱ्हाईक हट्टाला पेटलंय. मावळता सूर्य बघून बूट सुचत नाही, निदान घालून चार पावलं चालता येतील असा तरी नाही.

मी पादत्राणांचं डिझाइन शिकवते. पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगितलं की तुमची प्रेरणा मांडून दाखवा, की मोठे मोठे बोर्ड तयार होतात, त्यावर समुद्र असतो, मोरपीस असतं, जुन्या हवेल्या असतात, कुठल्यातरी हॉलिवूडच्या नटीचा फोटो असतो, सगळं सुंदर असतं आणि एकाही बोर्डवर पाऊल नसतं. माणसाचं पाऊल! ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय ते! मुलांचा यात दोष नाही, मासिकांतून त्यांना हेच वाचायला मिळतं. अमुक डिझायनरला तमुक बागेतून प्रेरणा मिळाली. बरं मिळाली, मग पुढे? टाच किती उंच ठेवायची ते बागेने सांगितलं का? आता पहिल्या रांगेतल्या मंडळींनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले, ते घेऊ नका, मी कुणाच्या चपला तपासायला आलेली नाही. पण ज्यांना नवीन चपलेने अंगठ्याशी फोड आलाय त्यांनी हात वर करा. बघा, अर्धं सभागृह. आज मी तुमच्या बाजूने बोलणार आहे.

तर फेरागामो. जन्म 1898 चा, दक्षिण इटलीतलं बोनितो नावाचं गाव, नेपल्सच्या आतल्या डोंगराळ भागात. चौदा भावंडांतला हा अकरावा. घर शेतकऱ्याचं आणि गरीब. गोष्ट तुमच्यातल्या काहींना माहिती असेल, तरी सांगते कारण सगळं तिथूनच सुरू होतं. बहिणीचा चर्चमधला पहिला कम्युनियन होता, म्हणजे ख्रिस्ती मुलांचा एक धार्मिक विधी, त्याला मुलीच्या पायात पांढरे बूट लागतात, आणि घरात बूट घ्यायला पैसे नाहीत. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालेलं. हा नऊ वर्षांचा पोरगा गावच्या चांभाराकडे जाऊन बसायचा, त्याच्याकडून पांढरं कापड, पुठ्ठा, खिळे असं काय काय मागून आणलं आणि रात्रभर बसून बहिणीसाठी बूट शिवले. सकाळी ती ते घालून चर्चला गेली.

या गोष्टीत लोकांना पोराचं कौतुक वाटतं, ते वाटायलाच हवं, पण मला त्याच्या आधीचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. याला बूट करायला शिकायचं होतं आणि घरच्यांनी साफ नाही म्हटलं होतं. का, तर हे काम हलकं. शिंप्याकडे जा, न्हाव्याकडे जा, सुतारकाम शीक, पण जोडे शिवायचे नाहीत. शेतात राबणाऱ्या, खायची भ्रांत असलेल्या घरालासुद्धा जोडे शिवणं कमीपणाचं वाटत होतं. म्हणजे हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. आपल्याकडे त्याला जातीचं कुलूप लावलं, ते जास्त भयंकर, कातडं कमावणाऱ्याला आणि शिवणाऱ्याला गावाबाहेर ठेवलं आणि त्यांनी केलेलं पायताण मात्र गावात करकर वाजवत मिरवलं. इटलीतल्या त्या पोराला निदान घरच्यांचं मन वळवायची सोय होती. ते बूट बघितल्यावर घरचे वळले. मग नेपल्सला जाऊन काम शिकला, गावात परत येऊन घरातच छोटं दुकान टाकलं, आणि सोळा-सतरा वर्षांचा असताना अमेरिकेला निघाला, त्याचे भाऊ आधीच तिकडे गेले होते.

बॉस्टनला एक भाऊ बुटांच्या कारखान्यात कामाला होता. याने कारखाना बघितला. मशीनवर धडाधड बूट निघतायत, कुणाचा पाय मोजायचा नाही, काही नाही. त्याला ते बूट जड आणि बेढब वाटले आणि तो तिथे थांबलाच नाही. तसाच कॅलिफोर्नियाला गेला, सांता बार्बराला, भावांबरोबर दुरुस्तीचं आणि शिवण्याचं दुकान काढलं. तिथे तेव्हा सिनेमा कंपनी होती, मूकपटांचा काळ, काऊबॉयच्या सिनेमांना बूट लागायचे ते हा करून द्यायला लागला. मग सिनेमावाले हॉलिवूडला सरकले तसा हाही सरकला आणि 1923 मध्ये हॉलिवूड बूट शॉप सुरू केलं. दिग्दर्शक सेसिल डिमिलच्या बायबलवरच्या भव्य मूकपटासाठी सँडल याने केल्या. मेरी पिकफर्ड, ग्लोरिया स्वॉनसन, अशी त्या काळची मोठी मोठी नावं याच्या दुकानात यायची.

इथे मासिकवाले थांबतात. नट्या आल्या, प्रेरणा मिळाली, संपलं. पण याच काळात हा माणूस काय करत होता? सिनेमातल्या बायकांच्या पायात बूट सुंदर दिसतोय आणि शूटिंग संपल्यावर पाय दुखतोय म्हणून रडतायत, हे याला सहन होत नव्हतं. त्याला वाटलं की माप बरोबर घेतलं, कातडं चांगलं घेतलं, शिलाई चांगली घातली, तरी का दुखतंय? म्हणून हा लॉस अँजेलिसच्या विद्यापीठात शरीररचनेच्या वर्गांना जाऊन बसायला लागला. इंग्रजी धड येत नसलेला, शाळा अर्धवट सुटलेला बूट करणारा पोरगा विद्यापीठात हाडांची नावं शिकतोय! एका पावलात 26 हाडं असतात, ही कशी जोडली आहेत, वजन कुठून खाली येतं, हेच त्याला हवं होतं. आणि त्याच्या लक्षात असं आलं की माणूस ताठ उभा असला की शरीराचा भार ओळंब्यासारखा सरळ खाली येतो तो पावलाच्या कमानीवर, आणि बूट करणारे आधार देतायत टाचेला आणि चवड्याला. मधली कमान अधांतरी.

दोन विटांवर एक फळी ठेवा आणि मधोमध उभे राहा, फळी लवणार की नाही? तेच. म्हणून त्याने सोलच्या आत कमानीखाली पोलादाची एक चिंचोळी पट्टी बसवली, आमच्या धंद्यात तिला शँक म्हणतात. ही पट्टी लक्षात ठेवा हं, मला शेवटी तिच्यावर यायचंय, माझा सगळा मुद्दा त्या पट्टीवर उभा आहे. आजचे हाडांचे डॉक्टर त्याच्या काही म्हणण्याशी सहमत होणार नाहीत, उंच टाच घातली की भार चवड्यावर जातोच, कितीही पट्ट्या घाला. पण पाय का दुखतो हा प्रश्न घेऊन विद्यापीठाचं दार वाजवणारा डिझायनर मला दुसरा माहिती नाही.

1927 मध्ये तो इटलीला परतला. अमेरिकेत हाताने काम करणारे कारागीर मिळेनात म्हणून. फ्लोरेन्सला आला, तिथे चांगले हात होते, आणि बूट करून अमेरिकेला पाठवायला लागला. आता क्रमाने गेले तर इथून 1929 ची मंदी, मग दिवाळं, मग युद्ध असं जायला पाहिजे. पण त्याआधी मला एक गोष्ट सांगायचीच आहे, मी इथे येताना ठरवून आले होते की ही सांगितल्याशिवाय जायचं नाही, कारण ही आपल्या घरची गोष्ट आहे आणि मराठीत ती फार कमी लोकांना माहिती आहे.

फेरागामोच्या गिऱ्हाइकांत एक महाराणी होती. कूचबिहारची महाराणी इंदिरादेवी. आता कूचबिहार उत्तर बंगालात, म्हणून आपण म्हणतो बंगाली असेल. नाही! ही बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची मुलगी. इंदिराराजे. आपले सयाजीराव, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक गेलेले. जयपूरच्या गायत्रीदेवी तुम्हाला माहितीच आहेत, त्यांची ही आई. जन्म 1892 चा. शिकलेली, बडोद्याच्या कॉलेजात गेलेली, आणि हट्टी म्हणजे बापासारखीच हट्टी.

तिचं लग्न ठरलं होतं ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी. दोन मोठी मराठा घराणी, तयारी जोरात. तेवढ्यात डिसेंबर 1911 चा दिल्ली दरबार आला. हाच तो दरबार ज्यात सयाजीरावांनी पंचम जॉर्जला मुजरा करताना रिवाज पाळला नाही, राजाकडे पाठ करून परत फिरले म्हणून इंग्रज पेटले होते, तो एक वेगळाच विषय आहे आणि त्यावर मी तासभर बोलू शकते पण बोलणार नाही. तर बाप तिकडे इंग्रजांशी अडकलेला आणि त्याच दिल्लीत मुलगी कूचबिहारच्या धाकट्या राजपुत्राच्या, जितेंद्र नारायणांच्या प्रेमात पडली. आणि तिने काय केलं, तर स्वतः ग्वाल्हेरच्या महाराजांना पत्र लिहून कळवलं की मला हे लग्न करायचं नाही. आईबापांना न विचारता! 1911 साली! ग्वाल्हेरहून बडोद्याला तार आली की मुलीने असं लिहिलंय त्याचा अर्थ काय, तेव्हा घरच्यांना कळलं. घरात काय झालं असेल ते तुम्ही कल्पना करा. तिने ऐकलं नाही. 1913 मध्ये लंडनला लग्न झालं, आईवडील लग्नाला नव्हते. त्यानंतर थोड्याच दिवसांत दीर वारला आणि नवरा कूचबिहारचा महाराजा झाला. आणि 1922 मध्ये तोही गेला. ही तिशीत विधवा, पाच मुलं, आणि मुलगा लहान म्हणून राज्याचा कारभार हिच्याकडे.

बुटांशी काय संबंध म्हणाल. सांगते. नऊवारी नेसणाऱ्या राजवाड्यातून आलेल्या या बाईने फ्रेंच शिफॉनची पाचवारी साडी आपल्याकडे प्रतिष्ठेला आणली, हे श्रेय तिला सगळेच देतात. आता शिफॉनची साडी आणि नऊवारी यांचं पायाशी नातं वेगळं आहे. नऊवारीत घोटा मोकळा, पाऊल जमिनीवर सपाट, तिला टाच लागत नाही, उलट टाच घातली तर चाल बिघडते. शिफॉन मात्र पाण्यासारखा खाली येतो, त्याचा काठ जमिनीवर लोळला की संपलं, फाटला, मळला. टाचेची उंची आणि निरीची उंची एकत्र ठरवावी लागते. ज्या बायका लग्नाला जाताना आधी सँडल घालून मग साडी नेसतात त्यांना मी काय म्हणतेय ते कळलंय, मागच्या रांगांमध्ये माना हलतायत. म्हणजे शिफॉन नेसणाऱ्या बाईला उत्तम टाचेचा बूट ही हौस नव्हती फक्त, गरज होती. हे माझं मत आहे, पण कामाच्या अनुभवातून आलेलं आहे.

तर या बाईने फेरागामोकडे ऑर्डर दिली. शंभर जोडांची. एका बाईसाठी शंभर जोड. आणि त्यातल्या काहींना लावायचे हिरेमोती तिने स्वतःच्या जडजवाहिरातले पाठवले, की माझे दगड लावा. हे फेरागामोने स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. एक जोड हिरव्या मखमलीचा, त्याच्या टाचेवर मोत्यांची ओळ गोल गोल वर चढत गेलेली. दुसरा काळ्या मखमलीचा, त्याला हिऱ्यांचं बक्कल.

आता ही गोष्ट जिथे जिथे छापून येते तिथे काय येतं? राजेशाही थाट, श्रीमंती, वेड. मला मात्र यातलं डिझाइन दिसतं आणि ते कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. बूट कुठे वाकतो? चवड्याशी, बोटांच्या मागे, प्रत्येक पावलाला वाकतो. तिथे मोती शिवला तर आठवड्यात दोरा तुटणार आणि महाराणीचा मोती गालिच्यात शोधत बसावं लागणार. बुटाच्या बाजूला लावला तर दुसऱ्या बुटाला घासणार. मोती मऊ असतो, चरे पडतात त्याला, हिऱ्यासारखा नाही. मग सगळ्या बुटात न वाकणारी, ताठ जागा कुठली? टाच! म्हणून मोती टाचेवर. आणि हिरे बक्कलवर, कारण बक्कल धातूचं असतं, त्यात खडा पक्का जडवता येतो आणि बूट जुना झाला की बक्कल काढून ठेवता येतं. गिऱ्हाइकाचा हट्ट, दगडाचा स्वभाव, साडीचा काठ आणि पावलाची वाकण्याची जागा, या चार गोष्टी एकत्र आल्या आणि तो हिरवा बूट झाला. आणि अजून एक बघा, टाच कुठून दिसते? मागून. बाई जिना चढून जातेय, साडीचा काठ जरासा वर उचललाय आणि मागच्या माणसाला मोत्यांचा तो वेढा दिसतो. स्वतः घालणाऱ्या बाईला तो कधीच दिसत नाही. स्वतःच्या मनाने लग्न मोडणाऱ्या आणि जुळवणाऱ्या बाईला असा बूट शोभतो, मला तरी असंच वाटतं.

माझी तक्रार अशी आहे की आपण या बाईवर एवढं लिहितो, तिच्या साड्यांवर, जुगारावर, पार्ट्यांवर, पण बडोद्याची मराठी मुलगी आणि बोनितोचा शेतकऱ्याचा पोरगा यांनी मिळून जे काम केलं त्यावर मराठीत मला काही सापडत नाही. तिला आपण गिऱ्हाईक म्हणून सोडून देतो. असं गिऱ्हाईक निम्मं डिझाइन करत असतं. स्वतःचे दगड पाठवणारी बाई त्या बुटाची अर्धी डिझायनर आहे.

आणि प्रेरणा घेतली तर सांगायची की नाही, यावरही बोललं पाहिजे. फेरागामोने 1954 मध्ये हॉलिवूडची नटी ऑड्री हेपबर्नसाठी एक सपाट पट्टेवाला बूट केला, बॅलेच्या बुटासारखा, त्याचा सोल शिंपल्यासारखा वर वळून पायाला धरतो. ती रचना अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांच्या मोकासिनवरून, म्हणजे त्यांच्या मऊ कातड्याच्या सपाट बुटावरून आलेली, आणि त्या सोलचं पेटंट याच्या नावावर. पुढून वर वळलेली टोकं त्याने केली ती पूर्वेकडच्या मोजड्यांवरून. इजिप्तचा प्राचीन राजा तुतनखामेन याची कबर 1922 मध्ये उघडली त्याची छाया त्याच्या पिरॅमिडसारख्या टाचांवर दिसते. साडेतीनशेच्या वर पेटंट घेतली या माणसाने. मी त्याची भक्त आहे, तरी म्हणते, ज्यांच्याकडून घेतलं त्यांचं नाव पेटंटच्या कागदावर नाही.

लगेच तुम्ही कोल्हापूरवर याल, मलाही यायचंच होतं. जून 2025 मध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल रॅम्पवर आली, त्यांनी तिला नुसतं लेदर सँडल म्हटलं, कोल्हापूरचा उल्लेख नाही, आणि इकडे आरडाओरडा झाल्यावर, महाराष्ट्र चेंबर या व्यापारी संघटनेने पत्र लिहिल्यावर, त्यांनी मान्य केलं की ही भारतातल्या पारंपरिक चपलेवरून घेतलीय. 2019 पासून कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. मी त्या वेळी रागावले होते आणि अजून रागावलेली आहे. पण माझा राग थोडा वेगळ्या जागेवर आहे. कोल्हापुरी चप्पल कशी सुचली याचा आपण तरी कधी अभ्यास केला का? बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमावायचं, सोल जाड ठेवायचा, शिलाई चामड्याच्याच वादीने घालायची, खिळा नाही, नवीन असताना तेल पाजायचं. प्रत्येक गोष्टीला कारण आहे, उसाच्या रानातून, दगडातून, चिखलातून चालायचं म्हणून. कातडं कमावणाऱ्या ढोर समाजातल्या कुणीतरी, कुणीतरी चांभाराने, पिढ्यान्‌पिढ्या पाय आणि रान बघून ठरवलेलं डिझाइन आहे ते, आणि आपण त्याला "पारंपरिक" म्हणून मोकळे होतो, जणू झाडाला लागली होती. मिलानच्या माणसाने नाव घेतलं नाही याचा राग येतो ना, मग आपल्या घरातल्या चपलेला ज्याने शिवलं त्याचं नाव आपल्यापैकी किती जणांना माहितीय?

बरं, चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं म्हणतायत. आणि मी ज्या मुद्द्यासाठी आले तो अजून व्हायचाय. ती पोलादी पट्टी. आता भराभर सांगते.

1933 मध्ये फेरागामोचं दिवाळं निघालं होतं, मंदीने अमेरिकेचा बाजार गेला होता. हळूहळू इटलीतली गिऱ्हाइकं धरून तो उभा राहत होता. तेवढ्यात ऑक्टोबर 1935 मध्ये मुसोलिनीने इथिओपियावर हल्ला केला, नोव्हेंबरमध्ये राष्ट्रसंघाने इटलीवर निर्बंध घातले, पुढे जे काही पोलाद होतं ते लष्कराला. फेरागामोच्या शँकला चांगलं पोलाद मिळेना. जे मिळायचं ते हलकं, बाई चालली की पट्टी आतल्या आत मोडायची. परत आलेल्या मोडक्या बुटांचा ढीग. म्हणजे ज्या एका गोष्टीवर त्याचं सगळं शास्त्र उभं होतं, कमानीला आधार, तीच गेली. मग त्याने विचार केला की पट्टी कशासाठी होती? टाच आणि चवडा यांच्यामधली पोकळी पेलण्यासाठी. मग पोकळीच ठेवली नाही तर? भरून टाकली तर? कशाने भरायची, तर वजनाला हलकं पाहिजे, मिळायला सोपं पाहिजे. सार्डिनियाचं बूच, म्हणजे कॉर्क. तुकडे घेतले, चिकटवले, तासले, टाचेपासून चवड्यापर्यंत सलग उतार. वेज हील! आज तुमच्यातल्या निम्म्या जणींकडे घरात आहे ती वेज, ती अशी आली, पोलाद मिळालं नाही म्हणून. 1937 मध्ये पेटंट. पहिल्यांदा दाखवली तेव्हा बायकांना ती आवडली नाही, ओबडधोबड म्हणाल्या, मग एका खानदानी बाईच्या गळी उतरवली, तिने घातली, पाय दुखला नाही, आणि मग थांबवता थांबेना, सगळीकडे नकला.

मग टाच भरीव झाल्यावर नवीन जागा मिळाली ना रंगवायला! 1938 ची ती इंद्रधनुष्याची सँडल, नटी जूडी गार्लंडसाठी केलेली, कॉर्कचे थर आणि प्रत्येक थराला वेगळ्या रंगाचं मऊ कातडं. लोक म्हणतात रंगांची काय प्रतिभा. आहेच. पण आधी पोलाद गेलं, मग कॉर्क आला, मग थर आले, मग रंग आले. हा क्रम उलटा सांगितला की मुलांना वाटतं रंगांपासून सुरुवात करायची असते.

कातड्याची टंचाई झाली तेव्हाही तेच. चॉकलेटचा पारदर्शक कागद हातात आला, तो पीळ दिला तर तुटत नाही असं दिसलं, त्यात सोनेरी-रुपेरी धागा घालून पट्ट्या विणल्या आणि संध्याकाळच्या बुटांचे वरचे भाग त्याचे केले. ताग, राफिया नावाच्या ताडाच्या पानांचा धागा, माशाचं कातडं, जे मिळेल ते. फ्लोरेन्सच्या आसपासच्या बायका लेस विणायच्या, तीही बुटावर आली. याच काळात, 1938 मध्येच, त्याने फ्लोरेन्समधला पलाझ्झो स्पिनी फेरोनी घेतला, तेराव्या शतकातला वाडा, आजही कंपनी तिथेच आहे आणि 1995 पासून त्यांचं म्युझियमही. तिथे गिऱ्हाइकांच्या पायाच्या मापाचे लाकडी साचे ठेवलेत, नावं घातलेले. जमलं तर ते बघा, बुटांच्या आधी ते बघा. सुंदर म्हणून गाजलेल्या नट्यांचे पाय कुणाचे रुंद, कुणाचे लांबुळके, आणि प्रत्येकीसाठी साच्यावर कातड्याचे तुकडे चिकटवून आकार वाढवलेला. माझ्या मते त्याचा खरा इन्स्पिरेशन बोर्ड तो आहे.

हॉलिवूडची नटी ग्रेटा गार्बो 1949 मध्ये त्याच्या दुकानात आली ती झिजलेल्या चपला घालून, तिला चालायची भारी आवड आणि चालायला धड काही नव्हतं. सत्तर जोड घेऊन गेली. तिची मागणी एकच, चालता आलं पाहिजे. यावर मला खूप बोलायचं होतं, सोडते.

शेवटचं, पाच मिनिटांत. 1947 ची अदृश्य सँडल. त्याचा एक कामगार आर्नो नदीवर मासे धरायला जायचा, गळाला नायलॉनचा दोरा नवीन आला होता, माशाला तो दिसत नाही म्हणून मासे जास्त लागतात असं त्याने सांगितलं. फेरागामोने तोच धागा घेतला, पावलावरून शेकडो फेरे दिले, खाली आत खोदलेली वेज, बाजूने बघितली तर इंग्रजी एफसारखी. वरचा भाग दिसतच नाही, पाय हवेत उभा वाटतो. यासाठी त्याला अमेरिकेतल्या डॅलसच्या नीमन मार्कस या मोठ्या दुकानाचा फॅशन पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी फ्रेंच डिझायनर क्रिस्तियां दिओरलाही मिळाला होता. आणि दुकानात ती फारशी खपली नाही. बायकांना इतका उघडा पाय नको होता. इथे माझ्या म्हणण्यातली दुसरी बाजू येते, की अडचणीतून सुचलेल्या वेजला जगाने उचललं, आणि जिथे कुणाचं काही अडलेलं नव्हतं, फक्त धागा सुंदर होता, तिथे बक्षीस मिळालं पण पाय मिळाले नाहीत. मी दोन्हींचं महत्त्व मानते, विद्यार्थ्यांना दोन्ही दाखवते, पण परीक्षेला वेज विचारते.

1960 मध्ये तो गेला, सहा मुलं, आणि कधीही धंदा न केलेल्या त्याच्या बायकोने, वांदाने, कंपनी पुढे चालवली, त्यावर एक स्वतंत्र व्याख्यान व्हायला पाहिजे, आयोजकांनी पुढच्या वर्षी बोलवावं. प्रश्न घ्यायचे राहिलेत, पण हॉल रिकामा करून द्यायचाय म्हणतायत, तर बाहेर चहा आहे तिथे विचारा, आणि ज्यांच्या अंगठ्याला फोड आलाय त्यांनी चप्पलही घेऊन या, पट्टा कुठे सैल करून घ्यायचा ते दाखवते.